शिल्लक रक्कम

"फादर, पेटीत शिल्लक किती राहिली?"

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी, मिस्सेनंतर भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेत हा प्रश्न आम्हांस विचारला गेला. विचारणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, सारी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात घालविलेले, आणि स्वभावाने मितभाषी. बाहेर इंदूरचा पाऊस कोसळत होता. सभागृहात मात्र एक थेंबही गळत नव्हता, आणि त्याचे श्रेय आम्ही मनातल्या मनात घेत बसलो होतो. नेमका त्याच वेळी हा प्रश्न आला.

पेटीची हकिकत अशी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा या शहराने काय सोसले हे येथल्या वाचकांस सांगावयास नको. इस्पितळात खाट मिळेना, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी माणसे रात्ररात्र रांगेत उभी राहिली. आम्ही चर्चच्या दाराशी एक पत्र्याची पेटी ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरांत लिहिले : 'करोनापीडित कुटुंबांसाठी'. लोकांनी हात आखडता घेतला नाही. दोन लाख शहाऐंशी हजार रुपये जमले. शिधा, औषधे, सिलिंडरचे भाडे, शववाहिनी यांत बहुतेक रक्कम खर्ची पडली. साथ ओसरली तेव्हा एकेचाळीस हजार तीनशे रुपये उरले. ते आम्ही कपाटात ठेवले, आणि खरे सांगावयाचे तर विसरून गेलो. पुढल्या वर्षी जुलैत सभागृहाचे पत्रे गळू लागले तेव्हा त्यांची आठवण झाली. पैसा धर्मग्रामाचा, सभागृहही धर्मग्रामाचे. मग अडचण ती कोणती? 'उसने घेतले आहेत, पुढे भरून टाकू,' असे आम्ही मनाशी म्हटले. वहीत मात्र तसे लिहिले नाही, आणि अर्थसमितीस विचारलेही नाही.

"आपण आमच्यावर संशय घेता काय?" आम्ही सभेत त्या गृहस्थांना विचारले. आवाज चढला होता, हे कबूल करतो.

"संशय नव्हे, फादर. पेटीवर काय लिहिले आहे ते वाचून मी पैसे टाकले होते, म्हणून विचारले," ते म्हणाले आणि खाली बसले.

गंमत अशी की, दोनच आठवड्यांपूर्वी याच गृहस्थांबरोबर चहा घेताना आम्ही आंध्र प्रदेश सरकारवर तोंडसुख घेतले होते. तो खटला थोडक्यात सांगितला पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. आपल्या मध्य प्रदेशात, तसेच महाराष्ट्रात आणि आंध्रात, त्यात रुपयामागे बारा आणे केंद्राचे व चार आणे राज्याचे. करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांस मदत मिळावी म्हणून गौरव कुमार बन्सल आणि रिपक कन्सल या दोघा वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या होत्या. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने त्यांवर निकाल दिला, की अशी मदत ही सरकारची मेहेरबानी नव्हे, कायद्याने घातलेले कर्तव्य आहे. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दर मृत्यूमागे पन्नास हजार रुपये या निधीतून देण्यास मान्यता मिळाली. मग त्याच न्यायालयापुढे पल्ला श्रीनिवास राव यांनी तक्रार नेली, की आंध्र सरकारने या निधीतील पैसा 'वैयक्तिक ठेव खाते' नावाच्या दुसऱ्याच खात्यात वळविला. नावावरून वाटते तसे हे कोणा व्यक्तीच्या खिशातले खाते नव्हे, तेही सरकारचेच. सरकारच्या एका खणातून दुसऱ्या खणात पैसा गेला, एवढेच. तरीही १८ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने आज्ञा केली की, अकराशे कोटी रुपये दोन आठवड्यांत मूळ निधीत परत भरा.

पल्ला श्रीनिवास राव हे तेव्हा विरोधी पक्षाचे पुढारी होते. त्यांच्या मनात राजकारण असेल, नसेल. पण विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध नसला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. आम्हांस प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात तर राजकारणाचा लवलेशही नव्हता, आणि तरी आम्ही रागावलो!

जनहित याचिकेची मौज हीच आहे. एरवी ज्याचे नुकसान झाले त्यानेच न्यायालयाचे दार ठोठवावयाचे, असा दंडक. परंतु १९७९ पासून न्यायमूर्ती भगवती, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांनी तो सैल केला. ज्याला स्वतःला दार ठोठावता येत नाही त्याच्यासाठी शेजाऱ्याने ठोठावले तरी चालेल, असे ठरले. साध्या पत्राचीदेखील याचिका मानली गेली. या सवलतीचा गैरफायदा घेणारेही निघाले. वर्तमानपत्रात छायाचित्र यावे एवढ्याचसाठी याचिका करणाऱ्यांस न्यायालयांनी दंडही ठोठावले आहेत. शिवाय प्रत्येक आक्षेप टिकतोच असेही नाही. २०२० च्या मार्चमध्ये स्थापन झालेल्या 'पीएम केअर्स' निधीतील पैसा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत वर्ग करावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ ऑगस्टला फेटाळली. तो स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांचा वेगळा निधी आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. आरोप म्हणजे अपराध नव्हे, हे आमच्यासारख्या चटकन निवाडा देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पैसा वळविणे हा एक प्रकार झाला. तो पडून राहू देणे हा दुसरा, आणि त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. आमचे एकेचाळीस हजार वर्षभर कपाटात पडून होतेच. येथून रेल्वेने काही तासांवर असलेल्या भोपाळात याच गोष्टीने केवढे रूप घेतले ते पाहा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला. १९८९ च्या फेब्रुवारीत युनियन कार्बाइडशी सत्तेचाळीस कोटी डॉलरांची तडजोड झाली. वाटप रेंगाळले, डॉलर महागला, व्याज साचले. भरपाईचे वाटप होऊनही पंधराशे कोटींहून अधिक रुपये रिझर्व्ह बँकेत उरले, आणि ते साडेपाच लाखांहून अधिक पीडितांतच वाटले जावेत, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयास २००४ च्या जुलैत द्यावा लागला. वीस वर्षे! त्या वीस वर्षांत किती जण ती रक्कम हाती न पडता गेले असतील! कोणीही तो पैसा खाल्ला नव्हता. तो केवळ सुरक्षित होता.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास आमची लेखणी अडखळते. २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे सभागृहाचे पत्रे गळण्याच्या सहा महिने आधी, आमच्याच धर्मग्रामातील एक विधवा भगिनी आमच्याकडे आली होती. चार घरी स्वयंपाक करून दोन मुलांस वाढविणारी. तिचा नवरा २०२१ च्या मे महिन्यात आठ दिवसांच्या तापाने घरीच गेला. चाचणी झालीच नव्हती; दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद. पन्नास हजारांसाठी अर्ज करावयाचा तर करोनाचा पुरावा हवा. कोणी तरी तिला सुचविले होते की, 'इस्पितळात नेले होते, चाचणीही झाली होती,' असे फादरांनी लिहून दिले तर काम होईल.

आम्ही नकार दिला. त्या नकाराचा आम्हांस आजही पश्चात्ताप नाही. खोटे दाखले किती बोकाळले होते हे मागाहून उघड झालेच. २०२२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, गुजरात, केरळ व आंध्र या चार राज्यांतील पाच टक्के अर्जांची तपासणी करण्यास परवानगी दिली. आम्ही तिला जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीची माहिती दिली, आणि जे आम्हांस ठाऊक होते तेवढे, म्हणजे ताप आणि दफनाची तारीख, लिहून दिले. चाचणीचा कागदच नसल्यामुळे तिचा अर्ज पुढे सरकला नाही.

परंतु त्या दिवशी आम्ही तिला आणखीही काही ऐकविले होते. "बाई, हा आपत्तीचा पैसा आहे. खोटे सांगून तो घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होते," असे आम्ही म्हणालो. ते खरेच आहे. त्या कायद्याचे बावन्नावे कलम तसे सांगते. त्याच्या पुढचे, त्रेपन्नावे कलम आम्ही त्या वेळी वाचलेच नव्हते. मदतीचा पैसा ज्याच्या हवाली केला आहे त्याने तो स्वतःच्या कामी लावला किंवा त्याची परस्पर विल्हेवाट लावली, तर त्यासही तेवढीच शिक्षा. मागणाऱ्याला आणि सांभाळणाऱ्याला कायद्याने एकाच मापाने मोजले आहे. आणि आम्ही हे कायद्याचे पाठ देत असता, आमच्या पाठीमागच्या कपाटात एकेचाळीस हजार तीनशे रुपये होते, ज्यांच्यावर तिचे नाव नसले तरी तिचे वर्णन आमच्याच अक्षरांत लिहिलेले होते. तिने ते मागितले नाहीत. ते आहेत हेच तिला ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते, आणि तरी सुचले नाही.

त्या रविवारच्या सभेनंतर रात्री झोप आली नाही ती यामुळे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो, वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सर्व सांगितले. त्यांनी विजयाचा आव आणला नाही, सांत्वनही केले नाही. चष्मा लावून पाने उलटली, सिलिंडरच्या भाड्यातील सत्तर रुपयांची आमची बेरजेची चूक दाखविली, आणि विचारले, "पत्र्यांचा खर्च कोणत्या खात्यातून भरून काढावयाचा, ते ठरविले आहे का?" सप्टेंबरपासून सभागृहाच्या भाड्यातून दरमहा पाच हजार रुपये पेटीत परत जाऊ लागले, आणि प्रत्येक भरण्याची नोंद चर्चच्या दारावरील फळ्यावर लागू लागली. फळा पाहून कोणी काही बोलले नाही. दोघातिघांनी मात्र तो थांबून वाचलेला आम्ही पाहिला.

पहिले दहा हजार जमले तेव्हा अर्थसमितीच्या संमतीने ते घेऊन आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो. पैसे कशाचे, आणि इतक्या उशिरा का, हे आडपडदा न ठेवता सांगितले. ती पोळ्या लाटीत होती. हात पुसून तिने नोटा घेतल्या, मोजल्या, पितळेच्या डब्यात ठेवल्या. आम्ही निघालो, दारापर्यंत गेलो, तेव्हा तिने हाक मारली.

"फादर, थांबा. माझी सही घ्यायची राहिली."