तार काढून बघा!

डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. ओएसपीएफच्या कमांड मुलं दोन दिवसांत तोंडपाठ करतात आणि धडाधड टाईप करतात. पण "हे सगळं कशासाठी?" असं विचारलं की वर्ग गप्प!

म्हणून हा पाठ मी कमांडपासून सुरूच करत नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये तीन राउटर त्रिकोणात जोडायला सांगते. आधी स्टॅटिक राउटिंग, म्हणजे प्रत्येक राउटरला रस्ता आपण हाताने लिहून द्यायचा. पिंग जातो, मुलं खूश. मग म्हणते, "आता पहिल्या आणि तिसऱ्या राउटरमधली तार काढा." पिंग बंद! दुसऱ्या राउटरवरून रस्ता मोकळा असतो, पण तो कुणी लिहून दिलेलाच नसतो.

आता तेच जाळं ओएसपीएफवर. इथे राउटर दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला 'हॅलो' पाठवतो. ४० सेकंद हॅलो आला नाही, तर शेजारी गेला असं धरतो. प्रत्येक जण आपल्या जोडण्या सगळ्यांना कळवतो, त्यातून प्रत्येकाकडे जाळ्याचा नकाशा तयार होतो. त्यावरून सर्वांत कमी खर्चाचा रस्ता शोधायची रीत डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली. आता तार काढली की पिंग थोडा अडखळतो आणि दुसऱ्या रस्त्याने पुन्हा सुरू होतो. 'डायनॅमिक' या शब्दाचा अर्थ मग फळ्यावर लिहावा लागत नाही.

खरी परीक्षा पुढे असते. गेल्या वर्षी एका गटाच्या सगळ्या कमांड बिनचूक होत्या, तरी शेजाऱ्यांचा तक्ता रिकामा. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलं दोन्हीकडचा प्रोसेस नंबर सारखा करत बसली. खरं तर तो नंबर त्या त्या राउटरपुरता असतो, वेगळा असला तरी चालतं. लेखी परीक्षेत जेमतेम पास होणाऱ्या एका मुलाने दोन्ही राउटरच्या खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "मॅडम, इकडे एरिया ० आहे, तिकडे १." एकेक ओळ बरोबर होती, जुळणी नव्हती. ते त्याला दिसलं.

आपली प्रश्नपत्रिका या मुलाला कुठे गुण देते? 'कमांड लिहा' या प्रश्नात तो मागेच राहणार. माझ्या हातातल्या प्रात्यक्षिकाच्या गुणांत मी "तार काढल्यावर काय होईल आणि का?" याला जास्त वजन देते. शिक्षक मित्रांनो, तुमच्या विषयातही अशी एखादी 'तार' असेलच.

आणि पालकहो, मूल तासभर स्क्रीनवर राउटर जोडत बसलं, तर तो लगेच खेळ समजू नका. शेजारी बसा. नेटवर्किंग येत नसलं तरी एवढंच विचारा, "ही तार काढली तर?" त्याला सांगता आलं, तर अभ्यास चाललाय.