सात टिचक्या

जुन्या वाड्यांतून जाड भिंतींच्या पोटांत बळद असे. त्याला कुलूप क्वचितच असे. त्याचें तोंड कोठें आहे हें घरांतील चार माणसांसच ठाऊक, एवढाच त्याचा बंदोबस्त. आज आपल्या खिशांत जो अँड्रॉइड फोन असतो, त्यांतही असेंच एक बळद आहे. 'डेव्हलपर ऑप्शन्स' हें त्याचें नांव. २०१२ सालीं अँड्रॉइडची ४.२ ही आवृत्ति निघाली, तेव्हांपासून तें सेटिंग्जच्या यादींतून दृष्टीआड झालें. उघडण्याची रीत मात्र मोठी गंमतीची आहे. 'अबाउट फोन' या सदरांत जावें, 'बिल्ड नंबर' ही ओळ शोधावी (सॅमसंगच्या फोनांत ती 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या पोटांत असते) आणि तिजवर ७ टिचक्या माराव्या. आणखी किती टिचक्या उरल्या तें फोन सांगतो, पिन ठेवला असेल तर तो विचारतो, आणि आपण आतां डेव्हलपर झालां असें जाहीर करून मोकळा होतो. आमच्या विद्यापीठांत इतक्या स्वस्तांत पदवी मिळत नाहीं!

या विनोदाच्या आड एक गंभीर गोष्ट आहे. सात टिचक्यांनीं परीक्षा होते ती चिकाटीची, ज्ञानाची नव्हे. हा विभाग मुळांत ॲप तयार करणाऱ्यांनीं आपली कृति तपासून पाहावी म्हणून ठेविलेला आहे. दार उघडलें म्हणून आंतलें सारें समजलें, असें होत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या शेजारच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांचा फोन मंद झाला. त्यांचा भाचा सुटींत आला होता. तो म्हणाला, "मामा, ओईएम अनलॉकिंग चालू करतों. मग बूटलोडर उघडून नवी सिस्टिम टाकूं. फोन पळूं लागेल!" मुलगा हुशार, आणि बोलणेंही खोटें नव्हतें. आम्हीं इतकेंच विचारलें, "तुझ्या मामींचे फोटो कोठें आहेत रे?" मामी जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. फोटो त्या एका फोनांतच होते. बूटलोडर उघडला कीं सामान्यतः फोनांतील सर्व मजकूर पुसला जातो. चोरलेला फोन उघडून आंतलें कोणीं वाचूं नये म्हणून ही तरतूद आहे. पण ती मालकालाही ओळखत नाहीं. भाच्याचा हात थांबला. त्या संध्याकाळीं त्यानें सारे फोटो संगणकावर उतरविले.

मग त्यानेंच त्या विभागांतील तीन निरुपद्रवी ओळी काढल्या. पडदे सरकविण्याची आणि चित्रें फुलविण्याची जी शोभा फोन करीत असतो, तिचा वेळ या ओळींनीं ठरतो. तिन्ही आंकडे १ वरून ०.५ वर आणतांच ती शोभा निम्म्या वेळांत आटोपते. यंत्र वेगवान होत नाहीं, आपलें वाट पाहणें तेवढें कमी होतें. मामांना तेवढें पुरलें.

'यूएसबी डिबगिंग' ही ओळ इतकी निरुपद्रवी नाहीं. ती चालू असतां, आपण संमति दिलेला संगणक तारेवाटे फोनवर ॲप चढवूं शकतो व बराच मजकूर काढूनही घेऊं शकतो. परक्या संगणकाला ही संमति देऊं नये, आणि काम संपतांच ती ओळ बंद करावी. कांहीं बँकांचीं ॲप हा विभाग चालू दिसला कीं उघडण्याचेंच नाकारतात. त्यांचा राग न मानतां विभागाच्या माथ्यावरील खटका बंद करावा. आणि फोनवरून कोणी अनोळखी मनुष्य "सात वेळां दाबा" असें सांगूं लागला, तर संभाषण तेथेंच संपवावें.

एका वेळीं एकच ओळ बदलावी. पूर्वीचा आंकडा कागदावर टिपून ठेवावा. जिचा अर्थ आपणांस दुसऱ्याला सांगतां येत नाहीं, त्या ओळीला हात लावूं नये.

सुशिक्षितांत दोन पंथ आम्हांस दिसतात. "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं" असें अभिमानानें सांगणाऱ्यांचा एक, आणि दिसेल ती कळ फिरवून पाहणाऱ्यांचा दुसरा. पहिल्याचा फोन बहुधा दुसऱ्याच्याच हातीं जातो. ज्या वस्तूंत आपला पैसा, आपला पत्रव्यवहार आणि गेलेल्या माणसांचे चेहरे आहेत, तिचीं दारें कोठें आहेत व तीं कशीं लावावयाचीं, एवढें प्रत्येक घरानें स्वतःच जाणून घेतलें पाहिजे.