पुसलेले आंकडे

शिक्षकाच्या हातीं विद्यार्थ्याची वही येते ती सहसा तिच्या अंतिम स्वरूपांत. समास आंखलेला, वर तारीख घातलेली, चुका सुधारलेल्या, अशी ती वही पाहून आपण मुलाच्या बुद्धीचा अंदाज बांधतों. परंतु तें उत्तर लिहितांना त्याच्या मनांत काय काय घडलें होतें तें पानावर क्वचितच उरतें. खोडरबराच्या काळ्या भुग्याबरोबर तें फुंकरीनें उडून गेलेलें असतें. वीस वर्षें मीं तांबड्या शाईनें वह्या तपासल्या, पण त्या भुग्याकडे कधीं लक्ष दिलें नाहीं. एकदां तें द्यावें लागलें, त्याची ही हकीकत आहे.

वाईच्या एका शाळेंत मी पांचवी ते आठवीच्या वर्गांना भूगोल व विज्ञान शिकवितों. २०२४ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत सहावीच्या मुलांकडून मीं सावलीचा प्रयोग करून घेतला. प्रयोग अगदीं साधा. मैदानांत मीटरभर उंचीची काठी उभी रोवावयाची, दर पांच मिनिटांनीं तिच्या सावलीच्या टोकाशीं खूण करावयाची, सावली मोजावयाची, आणि ती सर्वांत आखूड केव्हां झाली तें वहींत लिहावयाचें. आमच्या पूर्वजांजवळ तरी याहून अधिक साहित्य कोठें होतें? सूर्यसिद्धांतांतला शंकु अवघा बारा अंगुळांचा. तेवढ्या खुंटीच्या सावलीवरून त्यांनीं दिशा साधल्या, मध्यान्ह साधला, स्थळाचे अक्षांश काढले. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'त सावलीच्या गणिताला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहून १८९६ सालीं प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर पेशानें शिक्षकच होते. ही गोष्ट मी मुलांना नेहमीं मोठ्या अभिमानानें सांगतों, जणूं काय त्यांच्या विद्वत्तेचा थोडासा वांटा पेशाच्या नात्यानें माझ्याकडेही आला आहे!

त्या दिवशीं हा अभिमान अंमळ जास्तच झाला असावा. कारण काठ्या रोवण्यापूर्वींच मीं मुलांना उत्तर सांगून टाकलें. "सूर्य डोक्यावर येतो तेव्हां मध्यान्ह होतो, म्हणजे बारा वाजतात, तेव्हां सावली सर्वांत आखूड असते. आतां हें तुम्ही प्रत्यक्ष पाहा." उत्तर आधीं सांगून मग पाहावयास धाडणें हें, चोर कोण तें ठरवून मग साक्षीदार बोलावण्यासारखें आहे, हें तेव्हां माझ्या ध्यानीं आलें नाहीं.

मुलांचे सहा गट केले. त्यांतल्या एका गटाची पुढारी एका गवंड्याची मुलगी होती. वर्गांत ती फारशी बोलत नसे. प्रयोगाच्या दिवशीं मात्र तिनें दप्तरांतून बापाचा ओळंबा काढला, व काठीच्या चारी बाजूंस तो धरून, खालीं दगड ठोकून ठोकून ती काठी अशी उभी केली कीं, मीही क्षणभर कौतुकानें पाहत राहिलों. इतर गटांनीं मग तो ओळंबा तिच्याकडून मागून घेतला. साडेअकरा वाजतां मोजणी सुरू झाली आणि मी दुसऱ्या वर्गावर निघून गेलों.

दुसऱ्या दिवशीं पहिली वही वाचली गेली ती नेमकी तिचीच. "सर्वांत आखूड सावली: ६२ सेंटीमीटर. वेळ: १२ वाजून ५० मिनिटें."

मीं वर्गाकडे पाहून म्हटलें, "काय ग, डबा खाऊन झाल्यावर मोजायला गेला होतां वाटतं? सूर्यसुद्धां तुमच्यासाठीं थांबून राहिला!"

वर्ग हंसला. शिक्षकाच्या विनोदाला वर्ग नेहमींच हंसतो. आमच्या पेशाचें हें एक दुर्दैव आहे. मुलगी उभी राहिली व एवढेंच म्हणाली, "सर, काठी ओळंब्यांत होती." मीं आंकड्याभोवतीं तांबडें वर्तुळ काढलें, बाजूस 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला, आणि सर्वांनीं वह्या नीट पूर्ण करून उद्यां द्याव्या असें फर्मावलें.

दुसरे दिवशीं साऱ्या वह्या आल्या. सहाही गटांचें उत्तर बारा. तिच्या वहीचें तर जुनें पान जाऊन नवें कोरें पान आलें होतें. त्यावर सुबक कोष्टक, आणि बाराच्या ठोक्याला ६२ सेंटीमीटर! मीं त्यावर 'छान' असें लिहिलें. तो शब्द आज आठवला कीं मला स्वतःचीच लाज वाटते.

पुढें चारपांच दिवसांनीं, एका शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर, त्या वह्या मी कपाटांत रचून ठेवीत होतों. खिडकींतून ऊन आडवें येत होतें. एक वही हातांतून निसटून उघडी पडली, आणि 'बारा' या आंकड्याखालीं पेन्सिलीच्या जुन्या रेघांचे वळ उन्हांत स्पष्ट दिसले: १२-५०. दुसरी वही उघडली. तेथें खरवडलेल्या कागदावर १२-४५. तिसरींत १२-५०. चौथींत ५५ असावें असें वाटलें. दोन वह्यांत तर मधलें कोष्टक जसेंच्या तसें होतें, फक्त खालचा निष्कर्ष तेवढा बदलला होता; बारा वाजतां ६८ सेंटीमीटर, बारा पन्नासला ६२, आणि खालीं मोठ्या अक्षरांत, "सावली बारा वाजतां सर्वांत आखूड असते." मीं कोष्टक वाचलेंच नव्हतें! शेवटची ओळ पाहून सही केली होती.

मी खुर्चीवर बसलों. आळसानें झालेल्या चुका अशा एका ठिकाणीं जमत नाहींत. त्या चोहोंकडे विखुरतात. कोणी साडेअकरा लिहिलें असतें, कोणी सव्वाबारा. सहा गटांचे आंकडे दहा मिनिटांच्या आंत दाटीनें बसले होते, ते मुलांच्या मनांतले नव्हते. मैदानांतून आले होते.

आणि मग जें आठवलें तें अधिकच बोंचणारें होतें. त्याच इमारतींत, दोन खोल्या पलीकडे, आठवीच्या मुलांना मी दरसाल शिकवितों कीं, भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे, व प्रत्येक अंशामागें स्थानिक वेळेंत चार मिनिटांचा फरक पडतो. वाईचे रेखांश ७३.९ च्या आसपास. म्हणजे अंतर ८.६ अंशांचें आणि फरक सुमारें साडेचौतीस मिनिटांचा. आमचा मध्यान्ह घड्याळांतल्या बाराला होणें बहुधा शक्यच नाहीं. त्यांतून पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार नाहीं व तिचा आंस कललेला, त्यामुळें सूर्य वर्षभर घड्याळाशीं लपंडाव खेळत असतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत तो सुमारें चौदा मिनिटें मागें पडतो. चौतीस आणि चौदा मिळवा. मुलीच्या उत्तरांत मिनिट-दीड मिनिटाचीच चूक होती. माझ्या उत्तरांत पाऊण तासाहून अधिक.

हें गणित मला येत नव्हतें असें नाहीं. आठवीच्या वर्गांत तें मी फळ्यावर सोडवितों, परीक्षेंत विचारतों, गुणही देतों. पण तें ज्ञान आठवीच्या खोलींत राहत असे. सहावीच्या खोलींत यावयाचें त्याला जणूं काय प्रयोजनच नव्हतें. घड्याळांतले बारा आणि आकाशांतला मध्यान्ह हे एकच, असें मी लहानपणापासून धरून चाललों होतों. या बाबतींत जुन्या मुंबईकरांचें मला कौतुक वाटतें. १९०६ सालीं सरकारनें प्रमाणवेळ लागू केली तरी त्यांनीं आपला एकोणचाळीस मिनिटें मागचा 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाहीं. त्यांत हट्ट पुष्कळ होता, राजकारणही होतें. तथापि घड्याळ हें सरकारचें आणि सूर्य आपला, एवढा भेद तरी त्यांना ठाऊक होता.

रविवारीं मीं घराच्या गच्चीवर काठी रोवली. एकट्यानें ओळंबा धरून ती उभी करतांना समजलें कीं हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. पावणेएकनंतर सावली जवळजवळ स्थिर झाली. त्या सुमारास पंधरा-वीस मिनिटांत ती दोनतीन मिलिमीटरांहून अधिक हलत नाहीं. ती हलते कीं नाहीं हें पाहत उन्हांत बसावें लागतें. त्या अकरा वर्षांच्या मुलांनीं हें सारें केलें होतें, आणि मग माझ्या एका विनोदासाठीं पुसून टाकलें होतें.

सोमवारीं वर्गांत मीं सांगितलें कीं चूक माझी होती. मनांत अशी कल्पना होती कीं मुलांना आनंद होईल, कदाचित् टाळ्याही पडतील. तसें कांहींच झालें नाहीं. वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून, अगदीं निष्पापपणें, म्हणाला, "सर, मग आतां पुन्हां खोडायचं का?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. बारा पुसून बारा पन्नास लिहा म्हणावें, तर तेंही माझ्याच सांगण्यावरून लिहिलें जाणार होतें.

मधल्या सुटींत मीं त्या मुलीला बोलावून तिचें मूळ पान मागितलें. तिच्याच पानावर माझा तांबडा शेरा होता. तो माझ्या हातानें खोडावा, अशी इच्छा होती. ती म्हणाली, "फाडून टाकलं, सर." "सगळं कोष्टक पुन्हां लिहिलंस?" "हो. सगळे आंकडे पन्नास मिनिटं अलीकडे घेतले." तिच्या आवाजांत तक्रार नव्हती, हेंच मला जड गेलें. जें काम सांगितलें तें तिनें ओळंबा लावल्यासारखेंच चोख केलें होतें, दोन्ही वेळां. मीं तिची क्षमा मागितली. ती संकोचून पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली व घंटा होतांच निघून गेली.

नोव्हेंबरांत, दिवाळीची सुटी संपल्यावर, तींच मुलें सातवींत असतांना, मीं तो प्रयोग पुन्हां लावला. या खेपेस उत्तर सांगितलें नाहीं, आणि मैदान सोडूनही गेलों नाहीं. मुलें अर्थातच बारा पन्नासची वाट पाहत होतीं. एकदां खरें ठरलेलें उत्तर कोण सोडतो? पण सव्वाबारा होऊन गेले, बारा वीस झाले, आणि सावली हळूंच वाढूं लागली. गटागटांत कुजबुज सुरू झाली. दोन मुलांनीं खोडरबर काढलेलें मीं पाहिलें.

ती मुलगी वही घेऊन आली. "सर, बारा वीस येतंय. गेल्या वेळेपेक्षां अर्धा तास अगोदर. आमचं चुकलं का?"

"तुला काय वाटतं?"

तिनें काठीकडे पाहिलें, मग वहीकडे. "काठी ओळंब्यांत आहे," ती म्हणाली. "मी दोनदां बघितली."

"मग तसंच लिही."

सूर्य फेब्रुवारींत मागें पडतो तसा नोव्हेंबरांत पुढें कां धांवतो, तें समजावून देण्यांत पुढचे दोन तास गेले. आणि खरें सांगावयाचें तर दोन तासांत तें कोणाला नीट समजलें असें मला वाटत नाहीं. फळ्यावरची माझी लंबवर्तुळाकार कक्षा पाहून मुलें हंसलीं, तें मात्र योग्यच होतें.

तास संपल्यावर तिनें विचारलें कीं, सावली मुळींच पडत नाहीं असा दिवस वाईला येतो काय? येतो, मीं सांगितलें, वर्षांतून दोनदां. एकदां मेच्या दुसऱ्या आठवड्यांत आणि पुन्हां ऑगस्टच्या आरंभीं. परंतु ऑगस्टांत येथें पावसाचे ढग असतात आणि मेमध्यें शाळेला सुटी असते, म्हणून तो प्रयोग मीं आजवर कधीं लावला नाहीं.

"सुटी शाळेला असते, सर," ती म्हणाली. "काठी घरीं पण रोवतां येते."

मीं तिला मेचा आठवडा सांगितला. नेमकी तारीख तिनें विचारली नाहीं, आणि मीही ती सांगितली नाहीं.