संगणक मुका झाला तेव्हा



मागील वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मी भाताच्या बीजप्रक्रियेची फिल्म दाखवीत होतो. चित्र भिंतीवर छान उमटले, पण आवाज काही येईना. पाण्यात मीठ पडताना सर्वांना दिसले. एका आजीने विचारले, "साहेब, मीठ खाचरात टाकायचं का?"

माझ्या पोटात गोळाच आला. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावयाचे, तरंगणारे पोचट बी काढून टाकावयाचे, तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावयाचे, हे मी तोंडी सांगितले. पण फिल्म पाड्यावरच राहणार होती. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मी गेल्यावर आवाजाचाच आधार.

एक तरुण म्हणाला, "स्पीकर गेले. जव्हारहून नवे आणू." मीही होकार देणार होतो. मग मनात आले, भात पिवळा पडला म्हणून आपण लगेच खताचे पोते फोडतो का? आधी पाणी पाहतो, मुळे पाहतो. येथेही तसेच करावे.

प्रथम स्पीकरचा दिवा व आवाजाची कळ पाहिली. पिन हिरव्या भोकातच होती. गुलाबी भोक माइकचे असते. तीच पिन मोबाइलला लावली, तर स्पीकर खणखणीत वाजले! म्हणजे खर्च वाचला. दोष संगणकातच होता.

पडद्याच्या खाली उजवीकडे भोंग्याचे छोटे चित्र असते. त्यावर फुली असेल, तर आवाज बंद आहे असे समजावे. आमच्याकडे फुली नव्हती. पण आवाज प्रोजेक्टरकडे वळला होता. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि आमच्या प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. यादीतून स्पीकर निवडताच फिल्म बोलू लागली.

एवढे करूनही आवाज आला नाही, तर संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून आवाजाच्या नावापुढे पिवळी खूण आहे का ते पाहावे. असल्यास ड्रायव्हर बिघडला असण्याचा संभव असतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक व आवाजाचे यंत्र यांमधील दुभाषा. तो संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, भलतीकडून नव्हे.

आजींनी ती फिल्म पुन्हा लावावयास सांगितली. शेवटी हसून म्हणाल्या, "आता कळलं. मीठ बियाला, खाचराला नाही."