वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावरील राजचिन्हें

वसईच्या किल्ल्यांत जाणारा मनुष्य चिमाजीअप्पांचें स्मरण करतो, चर्चांच्या भग्न भिंती पाहतो आणि परततो. बालेकिल्ल्याच्या दारावर कोरलेलीं फिरंगी राजचिन्हें बहुधा न वाचतांच राहतात.

पोर्तुगालच्या ढालीवर पांच लहान ढाली क्रुसाच्या आकारांत मांडलेल्या असतात. ११३९ सालीं ओरीकच्या लढाईंत अफोन्सो राजानें पांच मूर राजे जिंकिले, त्याची ही खूण, अशी त्या लोकांची परंपरा. प्रत्येक ढालींतील पांच ठिपके म्हणजे ख्रिस्ताच्या पांच जखमा.

पण आमची दृष्टि खिळली ती गोलावर. कड्यांत कडीं गुंफलेला हा गोल मानुएल राजाचें चिन्ह. वास्को द गामा त्याच्याच कारकीर्दींत १४९८ सालीं कालिकतास पोंचला. ज्यांनीं सिद्धांतशिरोमणि वाचला आहे त्यांस हा लागलीच ओळखूं येईल: भास्कराचार्यांनीं गोलबंधाधिकारांत वर्णिलेलें गोलयंत्र तें हेंच! आकाश समजून घेण्याचें साधन येथें समुद्रावरील सत्तेची मोहोर होऊन बसलें.

लांच्छनांची चाल आपल्याकडेहि जुनीच. याच उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांवर गरुडमुद्रा असे. मराठ्यांचा भगवा मात्र निश्चिन्ह. तो मे १७३९ मध्यें येथें चढला. फिरंग्यांच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरची १७२९ ची घंटा त्यांपैकींच, असें म्हणतात. दारावरचा गोल तेवढा, औदार्यानें म्हणा वा उपेक्षेनें म्हणा, जागींच राहिला.