माझ्या कथेतला शहाणा शास्त्रज्ञ

माझी सगळ्यात गाजलेली कथा मी आता कुणाला वाचायला देत नाही. गाजलेली म्हणजे काय, तर एका दिवाळी अंकात आली आणि दहा-बारा फोन आले. आमच्याकडे तेवढं पुष्कळ झालं.

विज्ञानकथेची खोड कॉलेजात लागली. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हे वाचून मीही टोपणनाव घेतलं. अभ्यास तेवढा घ्यायचा राहिला. दुसरीकडे नारायण धारपांच्या भयकथांचं वेड होतंच. त्यामुळे माझी यंत्रं अंटार्क्टिकावर बिघडायची आणि भुतं कोकणातल्या वाड्यांत फिरायची. मी दोन्हीकडे गेलो नव्हतो. आमच्या नळदुर्गला बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि आतला माणूस कोरडा असतो. पण लहानपणापासून पाहिलेलं ते. त्यात मला अद्भुत काही दिसलंच नाही.

मग एका संपादकांनी सांगितलं, “आपल्या मातीतलं लिहा.” माती म्हटल्यावर मला 30 सप्टेंबर 1993 आठवला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं भुईसपाट झाला. मी एका आठवड्यात कथा लिहिली. जमिनीखाली काहीतरी घोरतंय. शहरातून आलेल्या तरुण शास्त्रज्ञाला त्याच्या यंत्रावर भूकंपाची नेमकी वेळ कळते. तो गावाला विनवतो, गाव हसतं. एक म्हातारी त्याच्या तोंडावर दार लावून कडी घालते. पहाटे सगळं संपतं.

अंक घेऊन मी आत्याकडे गेलो. ती लोहारा तालुक्यात, पुनर्वसनाच्या गावात राहते. त्या रात्री तिच्या घरातली तीन माणसं गेली. कौतुक होईल म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे आमी ऐकलं नाही म्हणून मेलो व्हय रं?”

मला उत्तर सुचेना. ‘कथा आहे ती, आत्या,’ असं काहीतरी पुटपुटलो.

ती म्हणाली, “आदल्या वर्षीपासून भुई हालत हुती. उतरंड वाजायची. सांगून सांगून थकलो. काय दिवस बाहेर झोपलो. पावसात किती दिवस बाहेर झोपावं माणसानं?”

परत आल्यावर जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. 1992 मध्ये किल्लारी भागात धक्के बसल्याची नोंद होती. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपाची वेळ आधी सांगणारं यंत्र तर आजही कुठे नाही. जपानमध्ये मिळते ती सूचनाही धक्का सुरू झाल्यावरची, काही सेकंदांची. सुमारे आठ-दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक माळवदाखाली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात जे घर गारवा देई, तेच अंगावर आलं.

म्हणजे मी सगळंच उलटं लिहिलं होतं. लोकांना कळत होतं, नकाशाला कळत नव्हतं. विज्ञानकथेत कल्पनेला मोकळीक असते, या सबबीखाली मी जे नव्हतं ते ज्ञान शास्त्रज्ञाला दिलं आणि जो नव्हता तो अडाणीपणा मेलेल्यांच्या माथी मारला.

सगळ्यात जास्त लाज वाटते ती कडीची. आत्या इतकी वर्षं रात्री दाराला कडी लावत नाही. मुक्कामाला गेलो की मी तिला हसायचो, “चोर येतील की!” हसता हसता ज्या भीतीशेजारी झोपलो, ती मला ओळखू आली नाही; आणि कथेतल्या म्हातारीला मी कडी घालायला लावली.

संग्रह काढताना ती कथा वगळली. छापून गेलेले अंक मात्र परत घेता येत नाहीत. पुढच्या खेपेला आत्याकडे वही घेऊन गेलो आणि विचारलं, आवाज कसा होता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दाणं न घालता जातं ओढावं तसा.”

वहीत तेवढं एकच वाक्य आहे. त्याच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.