माझा उजवा खांदा

मनुष्याच्या देहातील जे अवयव निमूटपणे काम करतात, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. डोळ्यांवर काव्ये झाली, हृदयावर तर कंटाळा यावा इतकी झाली. खांद्याच्या वाट्याला मात्र फक्त ओझे आले. माझ्या उजव्या खांद्याने तीस वर्षे फळ्यावर प्रमेये लिहिली आणि कधी चकार शब्द काढला नाही. 2023 च्या जूनमध्ये मात्र त्याने असहकार पुकारला.

आरंभी रात्री त्या कुशीवर वळले की जीवघेणी कळ येई. श्रावणापर्यंत सदरा घालणे हे एक अनुष्ठानच होऊन बसले. दुखरा हात अस्तनीत प्रथम घालावयाचा आणि सदरा उतरवताना तो शेवटी बाहेर काढावयाचा. दिवाळीच्या सुमारास वेदना किंचित मंदावली, पण हात खांद्याच्या उंचीपर्यंतही पोहोचेना. दहावीच्या वर्गात वर्तुळाची स्पर्शिका शिकवावयाची, तर मोठा लाकडी कंपास फिरेना. तेव्हा वर्गातील सर्वांत उंच मुलगा वर्तुळ काढू लागला. फळ्याचा वरचा अर्धा भाग त्याचा, खालचा माझा. मुले त्याला ‘वरचे सर’ म्हणू लागली! मुख्याध्यापकांनी मोठ्या आपुलकीने मला ग्रंथालयाचे काम सुचविले. ग्रंथालयाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि फळा सोडून तेथे जावयाचे म्हणजे अकाली वानप्रस्थ, असेच मला वाटले. त्या रात्री झोप आली नाही ती केवळ खांद्यामुळे नव्हे.

अस्थितज्ज्ञांनी प्रथम मला हात पुढून वर उचलावयास सांगितले. तो 80 अंशांवर थांबला. मग त्यांनी तो स्वतः उचलून पाहिला. तरीही 80 अंशच! हीच या दुखण्याची खूण. स्नायूची दोरी तुटली असेल, तर रुग्णाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो. येथे मात्र सांधाच अडलेला असतो. क्ष-किरणांचे चित्र निर्दोष निघाले, तेव्हा मी थोडा हिरमुसलोच. एवढ्या वेदनेला चित्रात तिळाएवढी तरी जागा असावयास हवी होती! नंतर त्यांनी रक्तातील साखरेची चौकशी केली. मधुमेही माणसांना हे दुखणे इतरांहून अधिक गाठते, आणि त्या पंगतीत मी दहा वर्षांपासून बसलेला आहे.

या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली आपल्या ग्रंथात दिले. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला मोठा चेंडू. बशी उथळ, म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो. या चेंडूभोवती एक सैल पिशवी असते. काही कारणाने ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. प्रथम वेदना, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळीक, असा हा प्रवास वर्ष ते तीन वर्षे चालतो. कित्येकांचा थोडा ताठरपणा पुढेही उरतो.

गावातल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात माझी नवी शाळा सुरू झाली. तेथील बाईंनी पहिल्याच दिवशी कोनमापक काढला. गणिताच्या शिक्षकाचे मन जिंकण्याचा याहून सोपा उपाय नाही! कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवला, तर जेमतेम 10 अंश. हीच हालचाल या विकारात सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक जाते, असे त्यांनी सांगितले.

पहिला व्यायाम लंबकाचा. तोही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. डावा हात मेजावर टेकून कमरेत वाकावयाचे, उजवा हात लोंबता सोडावयाचा आणि शरीर हलकेच डोलवावयाचे. हात आपण हलवावयाचा नाही. लंबक मी इतकी वर्षे शिकवला, पण स्वतः लंबक होणे फार कठीण! “सर, जोर लावू नका की! हात तुमचा नाही असं समजा,” असे बाई सांगत. मूळच्या धारवाडकडच्या असल्याने त्या मोजत मात्र कन्नडमध्ये. ताण देऊन धरलेला हात, आणि कानावर ‘ओंदु, एरडु, मूरु’. बेळगावात जन्म जाऊनही ‘हत्तु’ हा शब्द मला इतका प्रिय कधी वाटला नव्हता.

तेथे विजेची शेक देणारी यंत्रे होती. बाई त्यांना फार मान देत नसत. शेकाने स्नायू सैल पडतात, दुखणे थोडा वेळ थांबते, पण आक्रसलेली पिशवी सैल होते ती ताण दिल्याने. घरी गरम पाण्याची रबरी पिशवी दहा-पंधरा मिनिटे पुरे. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याने आरंभीची वेदना चांगली उतरते. परंतु मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, म्हणून माझ्या बाबतीत ते टळले. शस्त्रक्रियेचाही विषय निघाला. 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील 35 रुग्णालयांतील 503 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. भूल देऊन खांदा मोकळा करणे, दुर्बिणीतून पिशवी कापणे आणि इंजेक्शनासह फिजिओथेरपी या तिन्ही मार्गांत वर्षअखेर कोणताही एक निश्चितपणे सरस ठरला नाही. मी व्यायामच पत्करला.

घरातील छडी कामी आली. शाळांतून हद्दपार झालेली ती छडी आता उताण्या मास्तरचा हात बाहेर ढकलू लागली! दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढावयाचे आणि जेथे बोटे थांबतील तेथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावयाची. किती दुखू द्यावे, याचा नियम बाईंनी दिला होता. व्यायामानंतर दुखणे थोड्या वेळात निवले तर ठीक. रात्रभर राहिले तर दुसऱ्या दिवशी कमी ताण. पौषात तीन आठवडे एकच रेघ गिरवली जात होती. आमच्या घरातून सूचना आली, “अहो, पेन्सिल तरी बदलून पाहा!” माघात ती रेघ बोटभर वर सरकली, तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. त्यांना त्यात काय पाहावयाचे ते कळले नाही.

पुढच्या जूनमध्ये 130 अंश झाले, आणि फळ्याचा वरचा भाग मी परत घेतला. ‘वरचे सर’ तोवर दहावी उत्तीर्ण होऊन गेले होते. आता कोन 155 वर आहे. पाठीमागे हात नेऊन पंचाचे टोक धरणे अजून साधत नाही. यंदा गणपतीपूर्वी रंगारी आला, तेव्हा सारी भिंत रंगवून घेतली. रेघांचा तेवढा हातभर पट्टा ठेवला आहे. वर अजून जागा आहे.